सत्तावीस आणि तीसच्या रेषा : प्रस्तावना

उंची १६० सेंटीमीटर, वजन ७० किलो. वय पंचेचाळिशीच्या आसपास, रक्तदाबाची एक गोळी चालू. महाराष्ट्रातल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर अशी स्त्री बसलेली दिसते. तिच्या वजनाला उंचीच्या वर्गाने भागले, म्हणजे ७० ला १.६ गुणिले १.६ ने भागले, की २७.३ येतात. हा तिचा बॉडी मास इंडेक्स, रोजच्या बोलण्यातला बीएमआय. आता हा आकडा घेऊन निरनिराळ्या नियमांपुढे उभे राहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण वर्गवारीत तिचे वजन जादा आहे, पण ती लठ्ठ नाही. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली सहमतीने ठरवलेल्या वर्गवारीत ती लठ्ठ आहे. वजन कमी करणारी जी नवी इंजेक्शने आली आहेत, त्यांच्या भारतातल्या मान्यतेनुसार ती रक्तदाबामुळे पात्र ठरते. रक्तदाब नसता तर ठरली नसती. चीनमध्ये त्यांपैकी तिर्झेपाटाइड हे औषध तिला सहज लिहून देता आले असते. जपानमध्ये सेमाग्लुटाइड या दुसऱ्या इंजेक्शनासाठी एका आजारावर भागले नसते, वजनाशी निगडित दोन आजार लागले असते. आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारी सूट धरूनही, तिला नकारच मिळाला असता.

शरीर एक आणि उत्तरे इतकी. हे पाहून ‘डॉक्टरांचेच एकमत नाही’ असे म्हणत पाठ फिरवणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र अभ्यासाची सुरुवात इथूनच करावीशी वाटते. शाळकरी मुलालाही जमेल अशा या भागाकाराच्या पाठीमागे खगोलशास्त्रज्ञ आहेत, विमा कंपन्या आहेत, फसलेल्या औषधांचा इतिहास आहे, सरकारी तिजोरीचे हिशेब आहेत आणि पुण्याजवळच्या गावांत जन्मलेली बाळे आहेत. या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाला वैद्यकाची पदवी लागत नाही. एकच सवय लागते. समोर आलेल्या प्रत्येक रेषेला विचारायचे, की तुला कोणी आखले, कशासाठी आखले, आणि आखताना कोणाची शरीरे मोजली होती? २७, ३०, ३५ या रेषा आपल्या शरीरात कोरलेल्या नाहीत. त्या माणसांनी आखल्या, विशिष्ट माणसांकडे पाहून आखल्या, आणि त्या माणसांत आपण फार थोडे होतो. पुढचे सारे विवेचन या एका गोष्टीभोवती फिरते.

सुरुवात अडॉल्फ केतले या बेल्जियन विद्वानापासून होते. जन्म १७९६, गेंट. शिक्षणाने गणिती, ब्रसेल्सच्या वेधशाळेचा संस्थापक. ताऱ्यांच्या निरीक्षणांतली सरासरी आणि त्रुटी हाताळण्याची जी पद्धत खगोलशास्त्रात रुळली होती, ती त्याने माणसांवर लावली. १८३५ च्या त्याच्या ग्रंथाचा विषय होता ‘सरासरी माणूस’. प्रौढ माणसांच्या मापांत त्याला एक नियमितपणा दिसला : वजन उंचीच्या नव्हे, उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. केतलेला लठ्ठपणाशी काही देणेघेणे नव्हते. कोणाला औषध द्यावे, कोणाला नाकारावे हा प्रश्न त्याच्या स्वप्नातही नव्हता. त्याला समाजाचे सरासरी चित्र हवे होते, आणि त्या कामासाठी त्याचे सूत्र चांगले होते.

वजन आणि आयुष्य यांचा हिशेब पुढे मांडला तो अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनी. मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीचे १९४३ चे आणि नंतर १९५९ चे ‘आदर्श’ किंवा ‘इष्ट’ वजनाचे तक्ते दवाखान्यांच्या भिंतींवर पोहोचले. त्यांच्यामागची माहिती विमाधारकांची होती. विमा घेण्याइतपत पैसा असलेला, त्या काळचा, बहुतांशी गोरा अमेरिकन समाज. आपल्याकडेही कितीतरी वर्षे ‘उंचीप्रमाणे वजन किती हवे’ याचे उत्तर अशाच तक्त्यांतून दिले गेले.

‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव मिळाले १९७२ मध्ये. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज आणि त्यांचे सहकारी यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांची मापे घेऊन वजन-उंचीची निरनिराळी सूत्रे ताडून पाहिली. अमेरिका, फिनलंड, इटली, जपान, दक्षिण आफ्रिका. स्त्री एकही नाही, भारतीय उपखंड नाही. त्वचेच्या घडीची जाडी आणि शरीराची घनता यांच्याशी तुलना करता केतलेचे सूत्र इतर सूत्रांइतकेच किंवा थोडे बरे ठरले. दावा तेवढाच होता. मोठ्या लोकसमूहांचा अभ्यास करताना स्वस्तात वापरता येईल असे साधन, असे त्याचे स्थान होते. ते साधन एका माणसाच्या केसपेपरवर निर्णायक शेरा म्हणून कसे उमटू लागले, हा या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा प्रवास आहे आणि अभ्यासकाने त्यावर रेंगाळायला हवे.

२५ आणि ३० या रेषा जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात पक्क्या केल्या. त्यांचा मुख्य आधार युरोप-अमेरिकेतल्या मृत्युदराची माहिती हा होता. अमेरिकेत तोवर जादा वजनाची सुरुवात पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ धरत असत. १९९८ मध्ये ती दोघांसाठी २५ केली गेली. अडीच कोटींहून अधिक अमेरिकन माणसांचे वजन एका ग्रॅमनेही वाढले नव्हते, तरी ती ‘जादा वजनाच्या’ यादीत आली. त्याच वर्षीच्या अमेरिकी मार्गदर्शिकेत औषधोपचाराची अटही स्पष्ट झाली : बीएमआय ३० किंवा अधिक, अथवा २७ किंवा अधिक आणि सोबत वजनाशी निगडित धोका किंवा आजार. आज सेमाग्लुटाइडच्या किंवा तिर्झेपाटाइडच्या माहितीपत्रिकेत जी अट दिसते ती हीच. वजनासाठी या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली ती २०२१ आणि २०२३ साली, अट पाव शतकाहून जुनी.

ही अट इतकी उंच का ठेवली गेली, याला कारण आहे आणि ते समजून न घेता तिच्यावर टीका करणे मला अन्यायाचे वाटते. वजन कमी करणाऱ्या औषधांचा इतिहास भीतिदायक आहे. ‘फेन-फेन’ म्हणून गाजलेल्या जोडगोळीतले फेनफ्लुरामाइन हृदयाच्या झडपांना इजा करते असे दिसल्यावर १९९७ मध्ये मागे घेतले गेले. रिमोनाबँटने माणसांना खोल नैराश्यात ढकलले, म्हणून युरोपात त्यावर गदा आली. सिब्युट्रामाइन २०१० मध्ये हृदयविकाराच्या धोक्यापायी पाश्चात्त्य बाजारांतून गेले आणि पुढच्याच वर्षी भारतानेही त्यावर बंदी घातली. अशा अनुभवांनंतर नियामक म्हणतात, की ज्याला वजनामुळे खरा धोका आहे त्यालाच औषधाचा धोका पत्करू द्या. रेषेचा मूळ अर्थ असा : लाभ आणि धोका यांच्या तराजूत लाभाचे पारडे जड होण्याची जागा. औषध बदलले, त्याची सुरक्षितता बदलली, किंवा समोरच्या माणसाचा धोका बदलला, तर ही जागाही सरकायला हवी. ती सरकली का, हा प्रश्न रास्त आहे.

आता पुण्याकडे येऊ, कारण या विषयातला एक मोठा धागा तिथे विणला गेला आहे. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याकडे येणारे मधुमेही तरुण होते आणि पाश्चात्त्य पुस्तकांत वर्णन केलेल्या रुग्णांइतके जाड अजिबात नव्हते. हा प्रश्न धरून ते मागे मागे गेले, पार गर्भापर्यंत. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू झाला. शेतात राबणाऱ्या, किरकोळ बांध्याच्या आयांची बाळे तोलली गेली. जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. एवढे ऐकले तर कुपोषणाची नेहमीची कथा वाटेल. पण बाळांची सगळी मापे शेजारी ठेवल्यावर दिसले की पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव जेवढे लहान होते, तेवढी त्वचेखालची चरबी कमी नव्हती. ती बऱ्यापैकी टिकून होती. बाळ हडकुळे आणि तरीही चरबीदार. ‘थिन-फॅट’ हे वर्णन तिथून जगभर गेले.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी दोघांचा मिळून एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. यंत्राने मोजलेली शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. मला या एका पानाचे मोल अनेक जाडजूड अहवालांपेक्षा अधिक वाटते. संशोधकाने स्वतःचे शरीर पुरावा म्हणून मांडावे, आणि तो पुरावा इतका बोलका असावा, हे विज्ञानात रोज घडत नाही. या विषयात येणाऱ्या प्रत्येकाने तो फोटो एकदा शोधून पाहावा.

फोटो दोन माणसांचा होता, कोट्यवधींबद्दल काय? त्याचीही उत्तरे हळूहळू आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकसंख्येसाठी २३ आणि २७.५ हे जादा टप्पे सुचवले, पण मूळ रेषा हलवल्या नाहीत. आशियातही चीन, जपान, भारत यांच्यात एवढा फरक आढळला की सर्वांना चालेल असा एकच आकडा ठरवणे त्यांना योग्य वाटले नाही. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्यापुरता निर्णय घेतला : २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा, आणि कंबरेचा घेर पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर. मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये जे वाढीचे आलेख आणले, त्यांतही प्रौढपणीच्या २३ आणि २७ यांच्याशी जुळणाऱ्या रेषा आहेत. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर अग्रभागी होते. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या जवळपास पंधरा लाख माणसांच्या नोंदींवरून एक हिशेब निघाला. गोऱ्या माणसाला बीएमआय ३० असताना मधुमेहाचा जेवढा धोका असतो, तेवढा धोका दक्षिण आशियाई माणसाला २३.९ लाच गाठतो. आपल्या १६० सेंटीमीटर उंचीच्या स्त्रीच्या भाषेत सांगायचे तर ७६.८ किलोचा धोका ६१ किलोवर.

आणि भारतातले आयसीएमआर-इंडियाबचे देशव्यापी सर्वेक्षण, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले, सांगते की बीएमआयने मोजलेला लठ्ठपणा २८.६ टक्के प्रौढांत आहे, तर कंबरेच्या घेराने मोजलेला ३९.५ टक्क्यांत. या दोन आकड्यांमधली फट म्हणजे पुण्याच्या बाळांची मोठी झालेली पिढी आहे, असे म्हणायचा मोह होतो. तेवढे सरळ विधान करायला पुरावा पुरत नाही, पण दोन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात.

इंजेक्शनांचे शास्त्र स्वतंत्र प्रकरणाचे धनी आहे, इथे थोडक्यात सांगतो. जेवल्यावर आतड्यांतून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सुटते. ते इन्सुलिनला चालना देते, पोट सावकाश रिकामे करते आणि मेंदूला सांगते की पुरे झाले. नैसर्गिक स्वरूपात ते रक्तात एक-दोन मिनिटेच टिकते. त्याच्यासारखाच रेणू, रक्तातल्या प्रथिनाला चिकटून आठवडाभर टिकेल असा घडवला की सेमाग्लुटाइड होते. तिर्झेपाटाइड जीआयपी नावाच्या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते. या शोधमालिकेसाठी जोएल हॅबेनर, स्वेतलाना मोयसोव्ह आणि लोटे ब्येरे क्नुडसेन यांना २०२४ चा लास्कर पुरस्कार मिळाला. सेमाग्लुटाइडच्या ‘स्टेप-१’ चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के घटले, नुसत्या सल्ल्याच्या गटात २.४ टक्के. तिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. २०२३ च्या ‘सिलेक्ट’ चाचणीत, हृदयविकार असलेल्या पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ माणसांत, हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी उतरले. आयुष्यभर ‘तोंडावर ताबा नाही’ असे ऐकून घेणाऱ्या माणसांच्या बाजूने हा पुरावा उभा आहे. भूक ही शरीराची यंत्रणा आहे, ती औषधाने बदलते, आणि तिच्यापायी कोणाचे चारित्र्य मोजणे अन्यायाचे होते.

पण त्या चाचण्यांत कोण होते तेही पाहावे. ‘स्टेप-१’मधल्या सहभागींचे सरासरी वजन १०५ किलो, सरासरी बीएमआय जवळपास ३८. सुमारे तीन चतुर्थांश गोरे, आशियाई १३ टक्के. ६५ किलो वजनाच्या, पोट सुटलेल्या, साखर सीमेवर असलेल्या नाशिकच्या बँक कर्मचाऱ्याबद्दल ही चाचणी फार थोडे सांगते. रेषा खाली आणा अशी मागणी मीही करतो. पण त्या खालच्या पट्ट्यातल्या भारतीय माणसांवर चाचण्या करून ती आणा, असे तिच्यासोबत म्हणतो. कारण इथे एक खास आपली अडचण आहे. ‘स्टेप-१’मध्ये ज्यांचे स्कॅन झाले त्यांच्या घटलेल्या वजनात सुमारे दोन पंचमांश वाटा चरबीखेरीजच्या ऊतींचा होता, आणि त्यात स्नायू येतात. ज्या समाजात स्नायू जन्मापासूनच कमी, आहारात प्रथिने कमी आणि व्यायाम म्हणजे फार तर सकाळचा फेरफटका, तिथे या घटीचा अर्थ निराळा होऊ शकतो. ‘थिन-फॅट’ शरीर दोन्ही बाजूंनी बोलते : औषध लवकर द्या असेही, आणि देताना स्नायू जपा असेही.

‘मी पात्र आहे का?’ या प्रश्नात तीन निरनिराळे प्रश्न गुंतलेले असतात आणि बहुतेक वाद ते वेगळे न केल्यामुळे होतात. हे औषध माझ्या शरीराला चालेल का, हा पहिला. इथे बीएमआयचा संबंधच थोडा. थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा स्वतःचा किंवा घराण्यातला इतिहास असेल तर नाही. गर्भार असताना नाही. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवायचे. तिर्झेपाटाइड घेताना गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो, हे तरुण स्त्रियांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. स्वादुपिंडाचा दाह होऊन गेला असेल, पित्ताचे खडे असतील, तर विचारपूर्वक. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता तर पुष्कळांना होतेच.

दुसरा प्रश्न नियामकाच्या परवानगीचा. भारतात मार्च २०२५ मध्ये तिर्झेपाटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड बाजारात आले. दोन्हींची अट ३० ची, किंवा आजारासह २७ ची. चीनने मात्र तिर्झेपाटाइडला मान्यता देताना आपली २८ आणि आजारासह २४ ही रेषा लावली. आपल्याच तज्ज्ञांनी २५ ला लठ्ठपणा म्हटले असताना आपल्या माहितीपत्रिकेत अमेरिकेची रेषा जशीच्या तशी असावी, हे मला खटकते. भारतातल्या लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांसाठी आपल्या शल्यविशारदांनी ३७.५, आणि आजार असल्यास ३२.५ अशा उतरवलेल्या मर्यादा केव्हाच स्वीकारल्या आहेत. एकाच रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या खोलीत रुग्ण आशियाई असतो आणि औषधाच्या खोलीत अमेरिकन, अशी ही स्थिती आहे. मधुमेहासाठी हेच रेणू देताना बीएमआयची अट लागत नाही, हेही नव्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावे; कितीतरी गैरसमज तिथून सुरू होतात.

तिसरा प्रश्न पैशाचा. ब्रिटनमध्ये तो उघडपणे नियमांत लिहिलेला आहे. तिथल्या नाइस या संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये तिर्झेपाटाइडला मंजुरी दिली ती बीएमआय ३५ आणि एक आजार या अटीवर. दक्षिण आशियाईंसह काही वंशांसाठी २.५ ने कमी, म्हणजे ३२.५. पण सगळ्या पात्र माणसांना एकदम औषध दिले तर आरोग्यसेवा कोलमडेल, म्हणून बारा वर्षांची उतरंड ठरली. २३ जून २०२५ पासूनच्या पहिल्या टप्प्यात बीएमआय ४०, आपल्या वंशासाठी ३७.५, आणि ठरावीक पाचांपैकी किमान चार आजार. लंडन किंवा लेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाला तिथले नियम भारतीय शरीर म्हणून ओळखतात. सांगली-नागपूरच्या माणसाला त्याच्या देशातली पत्रिका तसे ओळखत नाही. मात्र यावरून तिथे औषध सोपे आहे असे समजू नये. १६० सेंटीमीटर उंचीच्या भारतीय स्त्रीचे वजन ९६ किलो भरेपर्यंत, आणि चार आजार जमेपर्यंत, तिथल्या पहिल्या टप्प्याचे दार बंद आहे. तो आकडा वैद्यकाचा नाही, रांगेचा आहे.

आपल्याकडे रांग नाही, पाकीट आहे. तिर्झेपाटाइड आले तेव्हा सुरुवातीच्या डोसची कुपी ३,५०० रुपयांना आणि पुढच्या डोसची ४,३७५ रुपयांना होती, आठवड्याला एक. महिन्याचे चौदा ते साडेसतरा हजार, खिशातून. परिणाम असा की ज्याला वजनाने खरोखर गाठले आहे तो रिक्षाचालक बाहेर राहतो आणि लग्नाच्या फोटोंसाठी चार किलो उतरवू पाहणारी, बीएमआय २४ असलेली तरुण व्यक्ती कुठून तरी मिळवते. ज्या आकड्याने दुसरीला अडवायचे तो पैशापुढे टिकत नाही, आणि पहिल्याला तो आकडा पात्र ठरवतो पण औषध देत नाही. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ ची. त्यानंतर देशी कंपन्यांच्या स्वस्त आवृत्त्यांना वाट मोकळी होते, आणि पाकिटाचा अडसर जसजसा सैल होईल तसतसे डॉक्टरच्या मोजमापाला वजन येईल.

म्हणून मोजमापाविषयी. ७५ किलोच्या माणसाची उंची १५८ सेंटीमीटर लिहिली तर बीएमआय ३० भरतो, १६० लिहिली तर २९.३. चपला घालून घेतलेली उंची एखाद्याची पात्रता बदलते. वयोमानाने मणके खचले की उंची घटते आणि वजन न वाढताही बीएमआय चढतो. कंबरेचा घेर मोजणे तर बहुतेक ठिकाणी टाळलेच जाते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, फीत आडवी ठेवून. साडीच्या निऱ्यांवरून नाही, परकराच्या नाडीवरून नाही, आणि पँटचा नंबर विचारून तर मुळीच नाही. त्यासाठी पडदा लागतो, एखादी परिचारिका लागते, दोन मिनिटे लागतात. गर्दीच्या ओपीडीत या तिन्हींची वानवा असते हे मला ठाऊक आहे. तरीही घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे का, एवढे पाहणे पुष्कळ सांगून जाते. जानेवारी २०२५ मध्ये दोन महत्त्वाचे दस्तऐवज आले. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने सांगितले की निदानासाठी नुसता बीएमआय पुरेसा नाही, जादा चरबीची खातरजमा दुसऱ्या मापाने करावी आणि अवयवांवर परिणाम झाला आहे की नाही यावरून लठ्ठपणाच्या दोन अवस्था कराव्यात. भारतीय तज्ज्ञांनीही तेव्हाच दोन टप्पे मांडले : २३ च्या वर पण दुष्परिणाम नाहीत तो पहिला, पोटाचा घेर वाढलेला आणि शरीराच्या हालचालींवर किंवा आजारांच्या रूपाने परिणाम दिसणारा तो दुसरा. औषधांच्या पत्रिका अजून या विचारापर्यंत पोहोचलेल्या नाहीत.

या क्षेत्राचा सर्वांत मोकळा कोपरा मात्र औषध सुरू करण्याच्या नव्हे, थांबवण्याच्या रेषेचा आहे. पत्रिकेतली अट ‘सुरुवातीच्या’ बीएमआयची असते. ३१ वरून औषधाने २६ वर आलेल्या माणसाने पुढे काय करायचे? ‘स्टेप-१’मधल्या ज्या सहभागींचा औषध बंद केल्यानंतरही मागोवा घेतला, त्यांचे घटलेले वजन वर्षभरात दोन तृतीयांश परतले होते. ब्रिटनमध्ये सेमाग्लुटाइडला विशेष केंद्रांत दोन वर्षांची कमाल मुदत घातली गेली. ती मुदत शरीराच्या स्वभावातून आलेली नाही. डोस कमी करत नेता येतो का, किती स्नायू राखला तर परतीचा वेग मंदावतो, आजन्म औषध परवडत नसलेल्या कुटुंबाने ते सुरू करावे की नाही, या प्रश्नांवर काम करणाऱ्यांची मराठी मुलखात मोठी गरज आहे. त्यासाठी महागडा स्कॅन दर वेळी लागत नाही. औषध सुरू करताना, सहा महिन्यांनी आणि थांबवल्यानंतर वर्षाने वजन, कंबरेचा घेर, मुठीची पकड आणि खुर्चीवरून हाताचा आधार न घेता पाच वेळा उठायला लागणारे सेकंद एवढे लिहून ठेवले, तरी २३ ते २७ या पट्ट्यातल्या भारतीय शरीरांविषयी, ज्यांच्याबद्दल मोठ्या चाचण्या जवळजवळ गप्प आहेत, आपल्याकडे स्वतःची माहिती जमू लागेल. तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर ही नोंद ठेवू शकतो, पदव्युत्तर विद्यार्थी तिच्यावर प्रबंध लिहू शकतो, आणि नियामकापुढे मर्यादा बदलण्याचा अर्ज जाईल तेव्हा त्याला जोडायला लागतील ती पाने हीच असतील.